मधल्या नावाची चूक

अकरा वर्षं मी लोकांच्या गालांची पाकिटं फोडली. हे मी मंडळाच्या बैठकीत बोललो तेव्हा समोरच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पण काम तेच होतं. त्याला दुसरं काय म्हणू?

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी केतकी तीनदा घरी आली. काका, तुमच्या लॅबबद्दल लिहा. पहिल्या दोन वेळेला मी नाही म्हणालो. बायको गेल्याला चौदा महिने झाले. माझं लिहिलेलं वाचून "अहो, इथे वेलांटी दुसरी" म्हणणारं माणूस घरात राहिलं नाही, मग लिहायचं कशाला? तिसऱ्या वेळी केतकी म्हणाली, "वेलांट्या मी बघते, तुम्ही माणसं सांगा." म्हणून सांगतो.

माझं नाव बबन सखाराम सोनवणे. शिक्षण सातवी. पुण्यात एका दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. मुलगी इकडे ऑकलंडला नर्स म्हणून आली, स्थिरावली, आणि तिनं आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. हिल्सबरोच्या घरात मी चार महिने खिडकीतून बाहेर बघत बसलो. पाचव्या महिन्यात ओटाहुहुला एका लहान लॅबमध्ये साफसफाईला लागलो. तिथे टपाल बघणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही. लॅबची मुख्य जेनी, शास्त्रज्ञ बाई, पन्नाशीची, पायात कायम धावायचे बूट. ती मला म्हणाली, "बबन, तुझी मॉप मारलेली फरशी मी बघते. एक कोपरा सुटत नाही. पाकिटं तूच बघ." माझं इंग्रजी तेव्हा दुकानाच्या पाट्यांपुरतं होतं. बायको, सुमन, दहावी झालेली. सँडरिंगहॅमला भाजी घ्यायला गेलो की ती मला एकेक पाटी मोठ्यानं वाचायला लावायची. लोक बघायचे. ती म्हणायची, "बघू देत. त्यांना पाकिटं फोडायची नाहीत."

काम असं. ज्याला आपल्या बापाचं मूळ शोधायचं आहे, त्याला आम्ही डबी पाठवायची. आत एक छोटा ब्रश. तो गालाच्या आतून अर्धा मिनिट घासायचा, नळीत टाकायचा, नळीवर नाव लिहायचं, पाकिटात घालून आम्हाला पाठवायचं. मी पाकीट फोडायचो, नळीवरचं नाव फॉर्मशी ताडून बघायचो, आणि नळीवर बारकोडचं स्टिकर चिकटवायचो. स्टिकर लागलं की माणसाचं नाव संपलं. पुढे आत मशीनला फक्त आकडा दिसतो. म्हणजे लॅबमध्ये माणूस शेवटचा माणूस असतो तो माझ्या टेबलावर. हे जेनीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्याची मला कायम भीती वाटली.

आता शास्त्र, मला समजलं तेवढं. पुरुषाच्या अंगात वाय क्रोमोसोम असतो. तो बापाकडून मुलाला मिळतो, मुलाकडून नातवाला. बाईकडे तो नसतोच. मी त्याला बापाचा धागा म्हणायचो. खूप पिढ्यांत कधीतरी त्या धाग्याला बारीक गाठ पडते, आणि ती पुढच्या सगळ्या मुलांत उतरते. सारख्या गाठी असलेल्या माणसांची फार मोठी, फार जुनी भाऊकी म्हणजे हॅप्लोग्रुप. त्यांना अक्षरं दिली आहेत. जे-टू, आय-टू, ई, जी, आर. अक्षर जुळलं म्हणून लगेच नातं जुळलं असं नाही, त्यासाठी बारीक गाठी मोजाव्या लागतात. पण अक्षरच वेगळं निघालं, तर दोघांच्या बापांची वाट एक नाही, हे पक्कं.

आमच्याकडे जास्त गिऱ्हाईक भूमध्य समुद्राच्या काठचं. सातवीच्या भूगोलात मास्तरांच्या छडीखाली तो समुद्र मी शेवटचा बघितला होता. पण ह्या देशात त्या काठची माणसं जुनी आहेत. ग्रीक आले, लेबनॉनचे आले, इटलीचे कोळी आले. आणि डाल्मेशियाचे आले. तो क्रोएशियाचा किनारा, बेटाबेटांचा. ती माणसं इथे उत्तरेला कौरी झाडाचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणायला आली, मग द्राक्षं लावली, वाईन करू लागली. सगळ्यांना एकच खाज: आजा कुठल्या गावचा, कुठल्या रक्ताचा?

नमुने बघा. एका म्हाताऱ्या लेबनीज बाईनं स्वतःचा गाल घासून पाठवला. मी फोन केला, बाई, ह्यात बापाचा धागा सापडणार नाही, भावाचा पाठवा. ती म्हणाली, "भाऊ नाही. मग काय, माझा बाप माझा नाही?" एकानं गंमत म्हणून कुत्र्याचा गाल घासून पाठवला. एकानं फेजोआ खाता खाता घासला, नळीत अर्धं फळ. आणि आपल्याच मंडळातले एक गृहस्थ, घारे डोळे, गणपतीच्या आरतीनंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "सोनवणे, आमचं भूमध्य समुद्राशी काही निघेल का हो?" काय निघालं ते सांगणार नाही, तो कामाचा नियम. पण पुढचे दोन गणपती ते माझ्याशी बोलले नाहीत.

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच. आता जे सांगायला बसलो ते सांगतो. त्यातल्या दोघांनाही मी फोन करून विचारलं. दोघंही लिही म्हणाले. आडनाव तेवढं देत नाही.

आन्ते नावाचा एक म्हातारा, एक्क्याऐंशीचा, पश्चिमेकडे त्याची जुनी द्राक्षबाग. त्याच्या आज्याचं नावही आन्तेच. तो आजा बेटावरून आला, डिंक खणला. उत्तरेत त्यानं इथल्या मूळच्या माओरी लोकांतल्या एका बाईशी संसार केला, तिच्यापासून एक मुलगा. ती बाई वारली. मग त्यानं बेटावरून दुसरी बायको आणली, तिच्यापासून दुसरा मुलगा. आमचं गिऱ्हाईक आन्ते हा ह्या दुसऱ्या घरचा नातू. आणि पहिल्या घरचा पणतू माते, छप्पन्न वर्षांचा, मासेमारीच्या बोटीवर काम करणारा. दुसऱ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कुजबुज होती, की पहिल्या घरचा मुलगा आज्याचा नव्हेच. हे दोन घरांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर कळलं.

त्या फेब्रुवारीत सगळं कूळ उत्तरेला जमणार होतं. आज्याच्या नावाचा दगड बसवायचा, खाली सगळ्या वंशजांची नावं. आन्ते म्हणाला, आधी रक्त, मग छिन्नी. त्यानं बेटावरच्या एका भाऊबंदाची नळी आमच्याकडे आधीच मागवली होती. तिचं अक्षर आलं आय-टू. आता आन्ते आणि माते दोघांचंही तेच यायला हवं.

नाताळाच्या सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार. लॅब तीन आठवडे बंद होणार. दुपारी आन्तेचं पाकीट आलं. दोन नळ्या, दोन फॉर्म. दोघांनी एकाच दिवशी आन्तेच्या ओसरीत बसून गाल घासलेले. म्हाताऱ्यानं शाईच्या पेनानं नळ्यांवर सुबक नावं लिहिली होती, आणि पाकीट भिजलं होतं. दोन्ही नळ्यांवर फक्त निळा डाग.

नियम साफ होता. नाव वाचता येत नसेल तर नळी फेकायची, गिऱ्हाइकाला नवी डबी पाठवायची. पण मग निकाल फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाआधी येणार नव्हता, आणि म्हातारा रोज फोन करत होता. शिवाय दहा वर्षांत नावाच्या कारणानं माझ्या टेबलावरून एकही नळी परत गेली नव्हती. त्याचा मला माज होता, लपवत नाही.

मी फॉर्म बघितले. एकावर नाव आन्ते माते, वय एक्क्याऐंशी. दुसऱ्यावर माते आन्ते, वय छप्पन्न. खरं सांगतो, आधी मी ते 'मेट' असं वाचलं. इथे बसवालासुद्धा सगळ्यांना मेट म्हणतो. मला वाटलं, दोघं एकमेकांचे दोस्त आहेत हे कुणी फॉर्मवर कशाला लिहिलं? जेनीनं मागच्या वेळी सांगितलेलं आठवलं, मा-ते म्हणायचं. मग उलगडा झाला. आपल्याकडे कसं असतं? स्वतःचं नाव, मधे बापाचं, मग आडनाव. माते आन्ते, म्हणजे आन्तेचा मुलगा माते. वय बघा, बरोबर. आन्ते माते, म्हणजे त्याच्या बापाचं नाव माते, आज्याचं नाव नातवाला ठेवलं, आपल्यासारखंच. बाप आणि मुलगा!

आणि बाप-मुलाचा धागा एकच. कुठलं स्टिकर कुठल्या नळीवर लागलं, काय फरक पडतो? दोन्हीकडे तेच निघणार.

मी स्टिकरं लावली. हात धुतले. घरी गेलो.

सुट्टीत सुमनला आणि मला मुलीनं समुद्रावर नेलं. नातू टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी घालून पाण्यात, मी जांडल्समध्ये, म्हणजे इकडच्या रबरी चपलांत, वाळूवर, अगदी मजेत. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी चहाच्या सुट्टीत जेनी माझ्यासमोर येऊन बसली.

"बबन, ती डाल्मेशियन केस. एक जुळला, एक नाही. आन्ते आय-टू, बेटावरच्या भावासारखाच. माते जे-टू." तिनं बिस्कीट मोडलं. "बिचारा माते. आता ते सगळे म्हणणार, आम्हाला माहीतच होतं."

मी म्हणालो, "म्हणजे तो आन्तेचा मुलगा नाही?"

"मुलगा? मुलगा कशाला असेल? लांबचे चुलत आहेत ते. मातेच्या बापाचं नाव जॉन. रिपोर्ट गुरुवारी टपालात टाकू."

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला, तो कडेला ठेवला, खाली पडून फुटला. जेनी म्हणाली, "स्वीट ॲज, राहू दे." मी गुडघ्यावर बसून एकेक तुकडा वेचला, कारण मला वर बघायचं नव्हतं. दोघांपैकी एकजण खरंच कुळाबाहेरचा होता. आणि तो कोण, हे मशीनला माहीत नव्हतं, जेनीला माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. डाव्या हातात कुठली नळी होती, उजव्या हातात कुठली, हे मी दोन दिवस आठवत राहिलो. बसमध्ये, अंघोळ करताना, भात कालवताना. दोन निळे डाग तेवढे दिसायचे.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. मातेचं नाव दगडावर कोरलं जाणार नव्हतं, कुजबुज करणारे खूश होणार होते, आणि कदाचित ते खरंही असेल. अर्धी शक्यता. मी स्वतःला हे सांगायचो, पण ते टिकायचं नाही. कारण आमच्या गावात कोण कुठला हे विचारायला मशीन लागत नसे, गल्लीवरून कळायचं. लोकांना जे आधीच पटलेलं असतं त्याला पुरावा मिळाला की काय होतं, ते मी लहानपणापासून बघत आलो.

बुधवारी सकाळी माते स्वतः लॅबमध्ये आला. अंगानं दणकट, पायात जांडल्स, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा.

"किया ओरा, अंकल. तो मेलवाला तूच ना? आन्ते म्हणतो तू कधी चुकत नाहीस."

मी म्हणालो, "जेनी आत आहे."

"नको, घाई नाही. गुरुवारी कळेलच." मासा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, स्टिकरांच्या रोलवरच. "मला काय, काहीही निघू दे. मी त्या दिवशी जेवायला जाणारच. पण माझा बाप त्यांच्याकडे गेला की दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला एकदा ऐकायचंय, की तो चुकीच्या घरात बसला नव्हता."

तो गेला. मी त्या दिवशी एकही पाकीट फोडलं नाही. दुपारची सुट्टी टाकली, सुमनला घेऊन सँडरिंगहॅमला गेलो. ती भेंडी निवडत होती, एकेकीचं टोक मोडून. तिथे, भाजीसमोर, मी तिला सगळं सांगितलं.

ती भेंडी मोडायची थांबली. "म्हणजे तुम्ही अंदाजानं चिकटवलंत."

"मला वाटलं बाप-लेक आहेत. मधलं नाव..."

"मधलं नाव तुमच्या गावात. त्यांना विचारलंत?"

"सांगितलं तर नोकरी जाईल, सुमन."

"जाईल. मग मॉप मारा. पण उद्या तो रिपोर्ट गेला तर तुम्ही घरात जेवायला कसे बसता ते मी बघते." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, दाराजवळच्या खुर्चीवर तुमचे वडीलही बसायचे. मला लग्नात दिसले होते."

भेंडी तशीच टाकून आम्ही बस पकडली. चार वाजता मी जेनीच्या खोलीत उभा होतो. तिनं मला बस म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग म्हणाली, "नळ्यांना स्टिकर लावायला मी मशीन घेणार होते. नको म्हटलं, बबन आहे." एवढंच. त्यापेक्षा तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती मला गाडीत घालून आन्तेच्या बागेत घेऊन गेली. मातेलाही बोलावलं होतं. ओसरीत चौघं बसलो. मी इंग्रजीत पाठ करून नेलेलं वाक्य म्हणालो. आन्ते उठला. एक्क्याऐंशीचा माणूस, पण मला वाटलं मारतो.

"तू माझ्या घराण्याशी खेळलास?"

"हो," मी म्हणालो. "मला वाटलं माते तुमचा मुलगा आहे."

"माझा मुलगा! कशावरून?"

मी सांगितलं. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, म्हणून. मग माते एवढ्या मोठ्यानं हसला की बागेतले पक्षी उडाले. "अंकल आन्ते, त्यानं तुला माझा डॅड केला! आता दर नाताळाला प्रेझेंट दे मला." आन्ते हसला नाही. पण खाली बसला. जेनीनं स्वतःच्या हातानं दोघांचे गाल घासून घेतले, स्टिकर तिथेच लावलं, माझ्यासमोर, मोठ्यानं नाव वाचून. मी फक्त बघत होतो. माझं काम दुसऱ्याला करताना बघायची ती पहिली वेळ.

निकालाला नऊ दिवस लागले. दगडाचा कार्यक्रम दोन आठवडे पुढे ढकलला. त्या नऊ दिवसांत मला कशाची आशा करावी तेच कळेना. स्टिकरं बरोबर होती असं निघालं, तर माझी चूक धुतली जाणार आणि माते बाहेर. उलटी निघाली, तर माते आत, आणि तो म्हातारा, ज्यानं सगळा वंशवृक्ष वहीत लिहून ठेवला, तोच बाहेर. सुमन सकाळी बुद्धवंदना म्हणायची तेव्हा मी शेजारी बसायचो, पण मनात काय म्हणावं? कुठल्याही बाजूनं निघालं तरी एक माणूस मोडणार होता. भूक मेली. चार किलो वजन उतरलं. मुलीनं माझं रक्त तपासून आणलं. मी म्हणालो, ह्यात नाही सापडायचं.

निकाल आला. स्टिकरं उलटी लागली होती.

माते आय-टू. बारीक गाठीसुद्धा बेटावरच्या भाऊबंदाशी जुळल्या. आन्ते जे-टू.

आन्ते लॅबमध्ये टाय लावून आला. जेनीला म्हणाला, "त्या माणसालाही आत बोलाव." मी दाराजवळ उभा राहिलो. जेनीनं हळू आवाजात सांगितलं. म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सरळ केला.

"मग माझा बाप कोण?"

"ते ह्यावरून कळत नाही," जेनी म्हणाली. "वाट कुठल्या पिढीत वळली तेही कळत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी असेल, किंवा तुमच्या."

"माझी आजी, नाहीतर माझी आई." तो कागदाकडे बघतच बोलला. "आणि इतकी वर्षं आम्ही त्यांच्या आजीबद्दल बोललो."

मला वाटलं, मी गप्प बसलो असतो तर ह्या माणसाला हे म्हातारपणी ऐकावं लागलं नसतं. हे मला अजूनही वाटतं. आणि मातेची आई आठवते आणि वाटतं, नाही. ह्याचा हिशेब माझ्याच्यानं लागला नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "तू म्हणालास, मधलं नाव बापाचं असतं. तुमच्यात ते कोण ठरवतं?"

"कुणी ठरवत नाही. पोराचा हात धरून जो शाळेत नाव घालायला नेतो, तो स्वतःचं सांगतो. मास्तर लिहितात."

"पुरावा?"

"हात धरलेला असतो ना."

त्यानं खिशातून गाडी चालवायचा परवाना काढला. आन्ते माते. "माझ्या बापाचं नाव माते," तो म्हणाला. "मला वाटायचं, संताचं नाव म्हणून ठेवलं असेल मधे." मग परवाना खिशात टाकला, टाय नीट केला आणि जेनीला म्हणाला, "छिन्नीवाल्याला मी सांगतो. माझं नाव खोडायला."

पण छिन्नीवाल्याला मातेचा फोन आधीच गेला होता. कार्यक्रमाला त्यानं मला आणि सुमनला मुद्दाम बोलावलं. उत्तरेला, समुद्रकाठच्या टेकडीवर, एक लहान चर्च. दगडावरचं कापड काढलं. वरती आजा. खाली ओळीनं नावं, त्यात आन्ते माते आणि त्याच्या लगेच खाली माते आन्ते. आन्ते मातेवर ओरडला, "हे कुणी करायला सांगितलं?" माते म्हणाला, "बबननं. तू माझा डॅड आहेस ना, मग वर तूच." जेवायला बसताना म्हातारा दाराजवळच्या खुर्चीकडे चालला होता. मातेच्या आईनं काठीनं आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला दाखवली. तो बसला. सुमननं तेव्हा माझ्या हाताला चिमटा काढला, जोरात.

जेनीनं मला काढलं नाही. पण नियम आला: दोन जणांनी नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय स्टिकर लावायचं नाही. लॅबमधली पोरं त्या नियमाला 'डबल बबन' म्हणतात. मी त्या वर्षाच्या शेवटी निवृत्त झालो, पण नियम अजून त्याच नावानं चालतो असं ऐकतो. माझ्या नावाचं ह्या देशात तेवढंच राहणार.

सुमन गेली ती गेल्या वर्षी, ऐन आषाढात. इकडे तो हिवाळ्याचा महिना. तीन दिवस ताप, मग न्युमोनिया, मग संपलं. मी तिच्या शेजारी पाट्या वाचत बसलो होतो, औषधांच्या बाटल्यांवरच्या, मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून. अंत्यविधीला आन्ते आणि माते दोघंही आले होते. वंदना झाल्यावर हातात दिलेला कागद आन्तेनं वाचला. सुमन बबन सोनवणे. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तिच्या मधे तू."

"हो. लग्नानंतर नवऱ्याचं लिहितात."

"आणि तुझ्या मधे?"

"माझ्या बापाचं. सखाराम."

"मग ती कुठे?" आन्तेनं विचारलं.

बेचाळीस वर्षं तिनं माझं नाव मधे वागवलं. तिच्यामुळे मी इंग्रजी अक्षरं वाचायला शिकलो, तिच्यामुळे त्या दिवशी चार वाजता जेनीच्या दारात उभा राहिलो. आणि तिचं नाव माझ्या एकाही कागदावर नाही. लेबनीज बाई फोनवर म्हणाली होती ते मला तेव्हा आठवलं, नऊ वर्षांनी.

इथवरचा लेख केतकीला पाठवला, खाली नाव लिहून; ह्या शेवटच्या ओळी मागून जोडल्या. परवा तिचा फोन आला. वेलांट्या बऱ्याच चुकल्या आहेत म्हणाली, त्या तिनं नीट केल्या. मग जरा घुटमळली. "काका, शेवटी तुमच्या नावात गडबड झालीय का? मधलं नाव चुकलंय असं वाटतं."

मी म्हणालो, "नाही पोरी. दोनदा मोठ्यानं वाचून लिहिलंय."

बबन सुमन सोनवणे
हिल्सबरो, ऑकलंड